सहीचं रुकी कार्ड घेताय? छापील आकड्यावर जाऊ नका

खेळाडूचं चित्र आणि सही असलेली संग्रहाची कार्डं पाकिटांत मिळतात. त्यातल्या एखाद्या कार्डावर ‘०७/२५’ छापलंय, म्हणजे जगात अशी पंचवीसच आहेत, म्हणजे कार्ड दुर्मीळ, म्हणजे महाग. हा हिशेब मी सोलापूरच्या पार्क चौकातल्या चहाच्या टपरीवर कितीतरी पोरांच्या तोंडून ऐकलाय. यूट्यूबवरचे सल्लेही याच्या पुढे जात नाहीत. पाकिटं फोडताना ओरडायचं, आकडा कॅमेऱ्यासमोर धरायचा, संपलं. या सल्ल्यावर पैसे घालवायचे नसतील तर पुढचं वाचा. रुकी कार्ड म्हणजे खेळाडूच्या पदार्पणाच्या मोसमातलं कार्ड, ते पातळ प्लास्टिकच्या स्लीव्हमध्ये घालून कडक प्लास्टिकच्या टॉपलोडरमध्ये ठेवतात, एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरतो.

पहिलं काम : सही खरी की छापलेली

सराफ वापरतात तसं दहापट भिंग घ्या. छापील सही सपाट दिसते किंवा तिच्यात छपाईचे ठिपके दिसतात. पेनाच्या सहीत रेघेवरून रेघ गेलेली कळते आणि शाई कुठे दाट, कुठे फिकी असते. टॉप्स कंपनीच्या १९५२ च्या बेसबॉल कार्डांवर सगळ्यांच्याच सह्या छापलेल्या आहेत, त्या बघून हुरळू नका. आपल्याकडच्या दुकानांत मिळायची ती क्रिकेट अटॅक्सची पाकिटं खेळण्यासाठी होती, त्यांचा इथे विषय नाही.

सही थेट कार्डावर आहे की पारदर्शक स्टिकरवर, तेही बघा. स्टिकरचे ताव खेळाडूकडे सहीला जातात आणि कंपनी ते नंतर कार्डांवर चिकटवते. अशा कार्डाला थेट सहीपेक्षा कमी भाव मिळतो, आणि तो कमीच मिळायला हवा. खेळाडूचा हात त्या कार्डाला लागलेलाच नसतो.

दुसरं : रुकी आहे ना

बेसबॉलमध्ये २००६ पासून कार्डावर ‘आरसी’ म्हणजे रुकी कार्ड असा शिक्का येतो. तो बघितला की काम झालं. अपवाद एकच. बेसबॉलमध्ये खेळाडू मुख्य संघात येण्याआधीच बोमन या नावाने त्याचं कार्ड निघतं आणि बाजार अनेकदा त्यालाच जास्त मानतो. माइक ट्राउटचं २००९ चं सहीचं बोमन क्रोम, एकमेव प्रत, २०२० मध्ये ३९ लाख डॉलरला गेलं. त्याचं पदार्पण २०११ चं, म्हणजे शिक्क्याच्या नियमाने ते रुकी कार्डच नव्हे.

तिसरं : दुर्मीळपणा मोजणं

मला सगळ्यात जास्त छळलं ते या पायरीने, म्हणून इथे वेळ घेतो.

कार्डावरचा आकडा फक्त त्या एका रंगाचा असतो. एकच चित्र, एकच सही, पण निळी किनार २९९ प्रतींची, हिरवी १९९, मग ९९, ४९, २५, १०, ५ आणि शेवटी १. उदाहरणापुरता हाच संच धरा आणि बेरीज करा. ६८७ होतात. शिवाय आकडा नसलेली साधी प्रत वेगळी, ती किती छापली हे बहुतेक वेळा कंपनी सांगत नाही. म्हणजे तुमचं ‘पंचवीसातलं एक’ हे निदान ६८७ सह्यांमधलं एक आहे, रंग तेवढा वेगळा. नुसत्या ‘सोलापुरी’ लेबलावर आपण कधी चादर घेतो का? वजन बघतो, वीण बघतो. मग इथेच लेबलावर विश्वास कसा बसतो?

आता हे झालं एका संचाचं. त्याच वर्षी त्याच खेळाडूचे आणखी तीन-चार संच निघालेले असतात. प्रत्येकाची यादी काढा. चेकलिस्ट नेटवर फुकट मिळतात. कागदावर दोन रकाने करा, थेट सही आणि स्टिकर, आणि त्या वर्षातल्या सगळ्या सह्या मांडा. अर्धा तास जातो. हा अर्धा तास द्यायचा नसेल तर महागडं कार्ड घेऊ नका, हे माझं स्पष्ट मत.

‘वन ऑफ वन’ या शब्दांचा तर बाजाराने चोथा केलाय. छपाईच्या चार रंगांच्या चार प्लेटा कापून त्या कार्ड म्हणून पाकिटांत घालतात आणि प्रत्येक प्लेटवर १/१ लिहितात. म्हणजे एका संचातच चार प्लेटा आणि एक खरं एकमेव कार्ड मिळून पाच ‘एकमेव’ झाले! काही विक्रेते याच्याही पुढे जातात. ९९ प्रतींमधली पहिली किंवा शेवटची प्रत, नाहीतर जर्सीच्या नंबरशी जुळणारी प्रत, हीसुद्धा ‘वन ऑफ वन’ म्हणून विकायला काढतात. जर्सीच्या नंबराला थोडा जादा भाव मिळतो, हे मान्य. पण कार्ड ९९ मधलंच राहतं.

“काका, पॉप्युलेशन फक्त चार आहे,” हे दुसरं आवडतं वाक्य. पीएसए किंवा बेकेटसारख्या ग्रेडिंग कंपन्या कोणत्या कार्डाला कोणता दर्जा किती वेळा दिला त्याची यादी ठेवतात, तिला पॉप्युलेशन रिपोर्ट म्हणतात. आकडा चार असण्याचं कारण कधीकधी एवढंच असतं, की ते कार्ड ग्रेडिंगला पाठवण्याचा खर्च कुणाला परवडला नाही. कार्ड स्वस्त असेल आणि पॉप्युलेशन कमी असेल तर मी त्याला दुर्मीळ म्हणत नाही, दुर्लक्षित म्हणतो. उलटही होतं. ग्रेडिंग कंपनी कार्ड प्लास्टिकच्या डबीत बंद करून देते, लोक ती डबी फोडून वरच्या दर्जाच्या आशेने तेच कार्ड पुन्हा पाठवतात, मग एकच कार्ड दोनदा मोजलं जातं. म्हणून हा रिपोर्ट वाचायचा तो तुलनेसाठी. त्याच संचातल्या इतर खेळाडूंची कार्डं किती गेली आणि याची किती, ते बघा.

यातच एक गुंता आहे आणि त्याबद्दल फार कमी जण बोलतात. पाकिटातून निघालेली सही आणि नंतर करून घेतलेली सही या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पाकिटात सहीची कार्डं घालायची पद्धत १९९० ला अपर डेक कंपनीने बेसबॉलपटू रेजी जॅक्सनच्या २,५०० कार्डांपासून रूढ केली. त्यामुळे बास्केटबॉलपटू मायकल जॉर्डनच्या फ्लीअर कंपनीच्या १९८६ च्या कार्डावर सही दिसली, तर ती नंतर कुणीतरी त्याच्यासमोर कार्ड धरून घेतलेली आहे. पाकिटातल्या सह्यांची संख्या छापतानाच ठरते. नंतरच्या सह्या मात्र खेळाडू हयात आहे आणि पेन धरतोय तोवर वाढू शकतात. आपल्या सोलापुरात जन्मलेले क्रिकेटपटू पॉली उम्रीगर २००६ साली गेले, त्यांच्या सह्यांचा साठा त्या दिवशी बंद झाला. पंचविशीतल्या खेळाडूचा साठा उद्या सकाळीही वाढेल. तेव्हा नंतरची सही असलेलं रुकी कार्ड ‘जगात दहाच’ म्हणून कुणी विकत असेल, तर आज दहा, एवढंच ते खरं. शिवाय अशा सहीवर पीएसए, जेएसए किंवा बेकेट या सह्या तपासणाऱ्या कंपन्यांची खातरजमा नसेल तर मी हात लावत नाही. विक्रेत्याने स्वतः छापलेल्या सर्टिफिकेटची किंमत कागदाएवढी.

एवढं मोजून झालं तरी प्रश्न उरतोच, हे कार्ड हवंय किती जणांना? जॉर्डनच्या त्याच फ्लीअरच्या, सही नसलेल्या आणि पीएसएने ‘दहा’ हा सर्वोच्च दर्जा दिलेल्या प्रती तीनशेहून जास्त आहेत. तरी जानेवारी २०२१ मध्ये एक प्रत ७ लाख ३८ हजार डॉलरला गेली. बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्सचं २००३-०४ च्या एक्स्क्विझिट संचातलं कार्ड, जर्सीचा तुकडा बसवलेलं आणि थेट सही असलेलं, ९९ प्रतींचं. त्यातली एक २०२१ मध्येच ५२ लाख डॉलरला विकली गेली. ९९ हा आकडा काही फार लहान नाही. पण त्या वर्षाचं, त्या खेळाडूचं मुख्य कार्ड कोणतं, यावर बाजाराचं एकमत आहे. तुमच्या यादीत तसं एखादं कार्ड असेल तर त्याच्या ९९ मधलं एक घ्या. कुणी नाव न ऐकलेल्या संचातल्या पाचातलं एक सोडून द्या.

चौथं : भाव

मागितलेला भाव बघू नका, विकलेला बघा. ईबेवर ‘सोल्ड’ची खूण करा आणि तोच दर्जा, तोच रंग असलेले शेवटचे चार-पाच लिलाव घ्या. ‘बेस्ट ऑफर’ने, म्हणजे घासाघीस करून, विकलेल्या वस्तूवर काट मारलेली रक्कम दिसते, प्रत्यक्षात सौदा तिच्या खाली झालेला असतो. ती हिशेबात धरू नका. आणि तारीख बघा. जॉर्डनचं तेच कार्ड २०२१ मध्येच निम्म्याच्याही खाली आलं होतं.

पाचवं : पैसे देण्याआधी

कोपऱ्यांचे आणि मागच्या बाजूचे फोटो मागवा. मागचा मजकूर वाचा. जर्सीचा तुकडा ‘कोणत्याही ठरावीक सामन्यातला नाही’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, तसं असेल तर तुकड्याचे वेगळे पैसे मोजू नका. सहीच्या जागी रिडेम्प्शन म्हणजे ‘सही नंतर पाठवू’ची चिठ्ठी असेल तर मुदत बघा, संपलेल्या चिठ्ठ्या सर्रास विकायला असतात. परदेशातून मागवताना कुरिअर आणि कस्टम्स ड्युटी आधी जोडा, स्वस्त वाटलेलं कार्ड इथेच महाग होतं. आलेलं पार्सल फोडताना व्हिडिओ काढा.

घरी आल्यावर कार्ड उन्हाच्या खिडकीपासून आणि पत्र्याखालच्या माळ्यापासून लांब ठेवा. आपल्याकडच्या मे महिन्यात माळ्यावर काय होतं ते सोलापूरकरांना सांगायला नको, आणि सहीची शाई उजेडाने उडते.