विहिरीत कारखान्याचे सांडपाणी उतरल्याचा संशय आल्यास काय करावे

नागपूरजवळच्या हिंगणा किंवा बुटीबोरी औद्योगिक वसाहतीच्या उताराला असलेल्या विहिरीच्या वा बोअरवेलच्या पाण्याचा रंग, वास किंवा चव बदलली, तर ते पिणे आणि त्यावर स्वयंपाक करणे त्याच दिवशी थांबवावे. पाणी उकळून भागत नाही. उकळल्याने जंतू मरतात, परंतु क्रोमियम, शिसे यांसारखे धातू पाण्यातच राहतात आणि वाफ गेल्याने त्यांचे प्रमाण उलट वाढते. तुरटी आणि क्लोरीन यांवरही विसंबू नये.

नमुना घेताना पंप काही मिनिटे चालू ठेवून नळीत साचलेले पाणी जाऊ द्यावे, स्वच्छ प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरावी आणि तिच्यावर ठिकाण, तारीख व वेळ लिहून ती शक्यतो त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवावी. नुसत्या टीडीएसवर (पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांच्या मोजणीवर) समाधान मानू नये, धातूंची तपासणी आवर्जून मागावी. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियम लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे.

अहवाल जोडून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नागपूर कार्यालयात लेखी तक्रार द्यावी व पोच घ्यावी. १९७४ च्या जल कायद्याने विहिरीत विषारी सांडपाणी सोडण्यास मनाई आहे. घरचे आरओ यंत्र हा तात्पुरताच आधार होय, कारण खरा उपाय कारखान्याच्या आतच असतो: धातूवर क्रोमियमचा मुलामा देताना निघणारे सांडपाणी वेगळे ठेवून, आम्लयुक्त अवस्थेत सोडियम मेटाबायसल्फाइट या रसायनाने त्यातील विषारी क्रोमियमचे रूप बदलून, मग चुन्याने त्याचा गाळ बसवावा. तो गाळ उघड्यावर टाकल्यास पहिल्याच पावसात पुन्हा जमिनीत मुरू शकतो, म्हणून तो अधिकृत घातक कचरा केंद्राकडेच पाठवावा.