सन 1831 : इंग्लंडहून इलिनॉयला शेती करायला निघण्याआधी

“अमेरिकेत गोऱ्यांना जमिनी फुकट वाटल्या,” असं आमच्या पारावरचा प्रत्येक जण छातीठोकपणे सांगतो. अर्धंच खरं आहे. 160 एकर फुकटात देणारा होमस्टेड कायदा आला 1862 साली, आणि त्यातही पाच वर्षं राहून जमीन कसायची अट होती. त्याआधी गेलेल्या इंग्रज कुळांनी सरकारी जमीन एकरी सव्वा डॉलर रोख मोजून घेतली. माझा भाचा इलिनॉयमध्ये नोकरीला आहे. त्याने तिथल्या काळ्या जमिनीचा फोटो पाठवला आणि मी या विषयाच्या मागे लागलो. चोपडा तालुक्यात कापूस-केळी करण्यात हयात गेली, त्या हिशेबानेच सांगतो. समजा साल 1831 आहे, तुम्ही यॉर्कशायरचे खंडकरी कुळ आहात, पदरी बायको आणि पाच पोरं, आणि घरदार विकून प्रवासखर्च वजा जाता शंभर पौंड हाताशी उरतात.

शंभर पौंड म्हणजे पावणेपाचशे डॉलरच्या आसपास. सरकारकडून कमीत कमी 80 एकर घ्यावे लागतात, म्हणजे शंभर डॉलर गेले. उरलेली रक्कम पाहून हात शिवशिवतील, अजून 80 घेऊन टाकू असं वाटेल. घेऊ नका. आमची आजी म्हणायची, “बठ्ठा पैसा वावरमा घालू नको, भो.” बैल, नांगर, गाय, बियाणं, कुंपण आणि पहिल्या दोन वर्षांचं खाणं याच पैशातून निघायचं आहे. तिथे नवी जमीन मोडायची मजुरीच एकरी जमिनीच्या किमतीपेक्षा जास्त पडायची. रोकड संपली की मग उधारी, आणि उधारीचं पुढे काय होतं ते खान्देशात कुणाला शिकवायला नको.

पैसा सोन्याच्या नाण्यांत न्या, कमरेला बांधून. तिकडच्या गावठी बँकांच्या नोटांवर भरवसा ठेवू नका. 1836 मध्ये तर सरकारनेच जमिनीच्या बदल्यात सोनं-चांदी सोडून बहुतेकांकडून काही घेणं बंद केलं, आणि पुढच्या वर्षी बँका धडाधड बुडाल्या. जड लाकडी सामान इंग्लंडातच विका. अंथरुणं, लोकरी कपडे, हत्यारांची पाती तेवढी घ्या. कुऱ्हाड मात्र तिकडचीच; झाडं पाडायला अमेरिकन कुऱ्हाड सरस.

वाटा दोन. न्यूयॉर्कला उतरून 1825 मध्ये सुरू झालेल्या ईरी कालव्याने उत्तरेच्या मोठ्या सरोवरांकडे जायचं, किंवा लिव्हरपूलहून थेट न्यू ऑर्लिन्स आणि तिथून आगबोटीने मिसिसिपीच्या उलट्या प्रवाहात सेंट लुईसपर्यंत. दुसरी वाट धरलीत तर उन्हाळ्यात न्यू ऑर्लिन्सला उतरू नका, पिवळ्या तापाचा हंगाम असतो.

जमीन निवडताना नकाशा समजून घ्या. सहा मैल लांब, सहा मैल रुंद असा एक चौकोन, त्यात 36 तुकडे, प्रत्येक तुकडा 640 एकरांचा. तुमचे 80 म्हणजे त्या तुकड्याचा आठवा हिस्सा. आपल्या गट नंबरापेक्षा सोपं, कारण बांध सगळे सरळ. पण चौकोन कुठला घ्यायचा ते डोळ्यांनी पाहूनच ठरवा. अर्धा गवताळ माळ आणि अर्धी झाडी असा काठावरचा तुकडा शोधा. घराला, कुंपणाला, चुलीला लाकूड लागतं. 1830-31 चा हिवाळा इतका बर्फाचा गेला की इलिनॉयचे लोक पुढे कित्येक वर्षं त्यावरून वय मोजायचे. घर नदीच्या खोलगटात बांधू नका. तिथे पावसाळी ओल राहते आणि शरद ऋतूत हिवताप हमखास येतो. घरात क्विनीन ठेवा, महाग पडलं तरी.

इथे एक गोष्ट दडवून चालणार नाही. नकाशावर मोकळी दिसणारी ही जमीन मोकळी नव्हती. रॉक नदीच्या मुखाशी सॉक या तिथल्या मूळ रहिवाशांचं सॉकेनक नावाचं मोठं गाव होतं, त्यांच्या बायका तिथे मका पिकवत. 1831 मध्ये त्यांना मिसिसिपीपार हुसकावलं, पुढच्या वर्षी त्यांचा म्होरक्या ब्लॅक हॉक आपली माणसं घेऊन परतला आणि लढाई झाली. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्याने हे वाचून नवल करू नये. इंग्रजांनी खान्देश घेतला 1818 मध्ये, आणि भिल्लांचे उठाव मोडायला 1825 मध्ये भिल्ल पलटण उभी केली ती आउट्रॅम या इंग्रज अधिकाऱ्याने. म्हणून एखाद्या ‘पडीक’ माळावर मक्याचे जुने वाफे दिसले, तर ते कुणाचे हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे.

आता नांगरट. सगळी गंमत इथेच आहे. प्रेअरीचं, म्हणजे तिथल्या माळाचं, गवत माणसाच्या डोक्याच्या वर जातं आणि खाली मुळांची अशी गादी असते की आपल्या कुंद्याने भरलेलं वावर परवडलं. घरच्या एका बैलजोडीने ते मोडत नाही. तीन ते सहा जोड्या जुंपलेला लांबलचक मोडणीचा नांगर लागतो, आणि बहुतेक लोक तो भाड्यानेच आणवतात. खोल घालायचा मोह टाळा. दोन-तीन इंचांची पातळ चकती काढून उलटी पाडायची, म्हणजे गवत खाली दबून कुजतं. वेळ मेच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत, गवत जोरात वाढत असताना. आधी किंवा फार उशिरा मोडलं तर मुळं कुजत नाहीत, पुन्हा फुटतात.

मग ओली काळी माती. ओतीव लोखंडाच्या फाळाला ती अशी चिकटते की दर काही पावलांवर थांबून लाकडी फळीने खरवडावी लागते. फळी कमरेला असू द्या. माती घसरून जाईल असा गुळगुळीत पोलादी नांगर जॉन डीअर नावाच्या लोहाराने करवतीच्या तुटक्या पात्यापासून बनवला, पण तो 1837 मध्ये. तुम्ही सहा वर्षं लवकर निघालात.

पहिल्या वर्षी गहू विसरा. उलटलेल्या ढेकळाच्या चकतीत कुऱ्हाडीने चीर पाडायची, मक्याचे दोन-तीन दाणे टाकायचे, टाचेने दाबायचं. निंदणी जवळजवळ नाही. उतारा कमी येतो, पण डुकरं जगतात आणि घरात भाकरीचं पीठ होतं. इंग्रज बाई पहिल्यांदा मक्याची भाकरी पाहून नाक मुरडेल, महिन्याभरात सवय होईल.

उन्हाळा संपताना गाई दाट रानात सोडू नका. तिथे पांढऱ्या फुलांची एक विषारी वनस्पती वाढते. गाय ती खाते, थरथरायला लागते, आणि तिचं दूध प्यालेला माणूस दगावतो. अब्राहम लिंकनची आई 1818 मध्ये इंडियानात अशाच दुधाने गेली. नेमकं विष 1920 च्या दशकात कळलं, तोवर लोक अंदाजच बांधत होते. शंका असली तर दूध फेका, लोणीही खाऊ नका.

शरद ऋतूत माळ वाळला की वणवे येतात. घर आणि मक्याच्या गंजीभोवती नांगराच्या काही सऱ्यांचा पट्टा काढा, थोड्या अंतरावर दुसरा पट्टा, आणि वारा पडलेला असताना मधलं गवत स्वतःच जाळून टाका. कुंपणासाठी हिवाळ्यात ओंडके फाडून नागमोडी रचा. खांब पुरायचे नाहीत, खिळे लागत नाहीत. काटेरी तार अजून चाळीस वर्षं लांब आहे. कुंपण जनावरांना कोंडायला नाही, पिकाभोवती घालायचं, कारण तिथे जनावरं मोकळी आणि वावर बंद असा रिवाज.

दुसऱ्या वर्षी तीच जमीन थोडी खोल नांगरा, कुजलेलं गवत वर येईल. मग गहू. शेजाऱ्याचा तुकडा विकायला निघेल तेव्हा मक्याची कणगी आणि गाठीची नाणी दोन्ही मोजून बघा, आणि नाणी रोख भरून उरत असतील तरच जमीन कचेरीची पायरी चढा. पावती जपून ठेवा. वॉशिंग्टनहून पक्का कागद येईपर्यंत ती पावती हाच तुमचा सातबारा.