पहिला अल्टिमीटर घेताना

हाय-पॉवर रॉकेटसाठी, म्हणजे छंद म्हणून उडवायच्या मोठ्या रॉकेटसाठी, पहिलाच अल्टिमीटर (उंची मोजून पॅराशूट उघडणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) घेताय? मग जीपीएस किंवा टेलिमेट्रीच्या (उडतानाची माहिती रेडिओवरून खाली पाठवण्याच्या सोयीच्या) मोहात पडू नका. दोनच कामं चोख करणारा घ्या: रॉकेट शिखरावर पोचलं की छोटं पॅराशूट उघडायचं आणि खाली येताना ठरलेल्या उंचीवर, समजा 150 मीटरवर, मोठं. ही उंची बोर्डावरच्या स्विचनेच बदलता यावी. भर उन्हात लॅपटॉप उघडून केबल शोधत बसणं म्हणजे नुसता वैताग. बीप मात्र नीट पारखून घ्या. पॅराशूट बाहेर ढकलणारी बारूद पेटवणारे दोन्ही इग्नायटर जोडलेले आहेत की एखाद्याची तार सुटलीय, हे लाँच पॅडवर नुसत्या आवाजावरून कळलं पाहिजे. आणि हो, सेन्सर हवेच्या दाबावर चालतो, तेव्हा बाहेरचा दाब आत पोचावा म्हणून अल्टिमीटरच्या कप्प्याला भोकं पाडायला विसरू नका.