बारीक सोल्डरिंग शिकायला येताय? बेळगावातल्या आमच्या गटातला अनुभव

तांदळाच्या दाण्याहून लहान रेझिस्टर दाखवला की नवीन मुलं पहिलं वाक्य हेच बोलतात, "माझा हात थरथरतो, मला जमायचं नाही." हा समज आधी काढून टाका. भिंगाखाली प्रत्येकाचा हात थरथरताना दिसतो. मनगट टेबलावर टेकवलं, करंगळीचा आधार घेतला की तो पुरेसा स्थिर होतो. उरलेलं काम वितळलेलं सोल्डरच, म्हणजे भाग बोर्डाला जोडणारा मिश्रधातूच करतो. पृष्ठताणामुळं ते सुटा भाग स्वतःहून पॅडच्या (बोर्डावर भाग जोडायच्या तांब्याच्या ठिपक्याच्या) मधोमध ओढून घेतं. ते तसं ओढतं का नाही, हे मात्र उष्णता आणि फ्लक्स (धातू साफ करून सोल्डर पसरवणारा लेप) यांवर ठरतं, आणि शिकायचं आहे ते तेच.

आमचा गट रविवारी जमतो. त्यात टिळकवाडीतले निवृत्त इंजिनिअर आहेत, उद्यमबागेतल्या मशीन शॉपमध्ये काम करणारी पोरं आहेत, खानापूर आणि चंदगडहून बसनं येणारे आयटीआयचे विद्यार्थी आहेत. मराठी, कानडी, हिंदी सगळं एकाच टेबलावर चालतं. मला शिकवलं ते एका जुन्या टीव्ही मेकॅनिक मामांनी. नवख्यानं सोल्डरची तार थेट बिटावर, म्हणजे इस्त्रीच्या तापलेल्या टोकावर वितळवून खाली थेंब सोडायला घेतला की ते म्हणायचे, "पॅडाला आधी तापू दे की गा!" आता मीही नव्या मुलांना तेच सांगतो. बिट एकाच वेळी पॅड आणि भागाच्या पायाला (धातूच्या टोकाला) टेकवायचा, क्षणभर थांबायचं आणि तार समोरच्या बाजूनं जोडालाच लावायची. दोन्ही धातू तापलेले असतील तर सोल्डर पसरतं आणि कडा पातळ होत पॅडला भिडते. पॅड थंड असेल तर वर नुसती गोळी बसते. दिसायला जोड झालेला असतो, पण चार दिवसांनी एलईडी कधी लागतो, कधी लागत नाही. रिपेअरवाले याला ड्राय सोल्डर म्हणतात. गणपतीच्या सजावटीतल्या बंद पडलेल्या कंट्रोलरपासून मिक्सरच्या बोर्डापर्यंत आमच्याकडं येणाऱ्या कितीतरी वस्तूंमध्ये शेवटी हाच दोष निघतो.

सोल्डर कोणतं घ्यायचं याबद्दल माझं ठाम मत आहे. शिकताना 63/37 घ्या. 63 टक्के कथील आणि 37 टक्के शिसं असलेला हा मिश्रधातू बरोबर 183 अंश सेल्सिअसला वितळतो आणि तिथंच एकदम गोठतो. 60/40 मात्र 183 ते साधारण 190 अंशांच्या मध्ये लापशीसारखं असतं, आणि तेवढ्यात भाग हलला तर जोड खडबडीत होतो. शिसंविरहित सोल्डरला 217 अंशांच्या वर जावं लागतं, ते नंतर शिकलं तरी चालेल. कारखान्यात बनलेले आजचे बहुतेक बोर्ड मात्र शिसंविरहितच असतात. म्हणून असा बोर्ड दुरुस्त करताना जुन्या जोडावर आपलं शिसंवालं सोल्डर थोडं मिसळायचं. मिश्रण कमी तापमानाला वितळतं आणि भाग सुटायला सोपा जातो. तार अर्धा मिलिमीटरच्या आसपास जाडीची, आत राळ असलेली हवी.

फ्लक्सच्या बाबतीत जरा थांबून वाचा, कारण इथं घरातली जुनी सवय आड येते. भांड्यांना कल्हई करताना नवसागर वापरतात हे आपल्याकडं सगळ्यांना माहीत असतं, आणि पत्र्याच्या कामाचं आम्लाचं पाणीही दुकानात सहज मिळतं. यातलं काहीही पीसीबीवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक बोर्डावर आणू नका. क्लोराईड मागं राहतं, पावसाळ्यातली ओल शोषून घेतं आणि तांब्याचे बारीक ट्रॅक हिरवे करून खातं. बेळगावचा पाऊस आणि खानापूर भागातला त्याहून मोठा पाऊस लक्षात घेतला तर हे फार लवकर घडतं. इलेक्ट्रॉनिक्ससाठी राळेचा फ्लक्स घ्या, आणि घेतला की हात आखडू नका. फ्लक्स तांब्यावरचा ऑक्साईड काढतो, म्हणूनच सोल्डर पसरतं. उघड्यावर पडून काळवंडलेला बोर्ड असेल तर आधी खोडरबरानं पॅड घासा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा.

बिट निवडताना नवीन माणूस हटकून सुईसारखं टोक मागतो. मी छोटं चपटं, छिन्नीसारखं टोक देतो. सुईच्या टोकाचा पॅडशी स्पर्श इतका कमी असतो की उष्णता पोचतच नाही, मग माणूस दाबायला लागतो आणि पॅड उखडतो. तापमान ठरवता येणारं स्टेशन असेल तर 320 ते 350 अंश ठेवा. साधी 25 वॉटची सोल्डरिंगची इस्त्री असेल तरी सुरुवात होते, फक्त प्लग तीन पिनचा आणि अर्थिंग खरं असलेला हवा. बिट ठेवताना त्यावर नेहमी ताजं सोल्डर लावून ठेवा. कोरडा बिट काळा पडतो आणि मग काहीच घेत नाही.

आता हाताचं काम. सुरुवात 1206 मापाच्या रेझिस्टरनं करा. तो 3.2 बाय 1.6 मिलिमीटरचा असतो. जमला की त्याहून लहान 0805 घ्या. त्याहूनही बारीक 0402 च्या मागं पहिल्या महिन्यात लागू नका. दोनपैकी एका पॅडवर थोडं सोल्डर लावा. चिमट्यात रेझिस्टर धरून ते सोल्डर पुन्हा वितळवा, भाग बाजूनं आत सरकवा, आधी बिट काढा, गोठल्यावर चिमटा सोडा. मग दुसरी बाजू करा. शेवटी पहिल्या बाजूला फ्लक्स लावून परत एकदा तापवा, कारण पहिला जोड फक्त पकडण्यापुरता झालेला असतो. रेझिस्टरवर 103 लिहिलं असेल तर दहा किलोओहम, 472 असेल तर 4.7 किलोओहम. सिरॅमिक कपॅसिटरवर काहीच लिहिलेलं नसतं, म्हणून तो लावायच्या क्षणापर्यंत पॅकिंगच्या पट्टीतून काढू नका. टँटलम कपॅसिटरवरची पट्टी धन बाजू दाखवते, नेहमीच्या इलेक्ट्रोलिटिकच्या नेमकी उलट. हे वहीत लिहून ठेवा.

सरावासाठी 555 आणि 4017 या आयसींचा (चिपचा), बोर्डाच्या पृष्ठभागावर जोडायचा पळत्या एलईडीचा किट उत्तम. दोन्ही आयसींच्या पायांतलं अंतर 1.27 मिलिमीटर असतं. त्यानंतर 0.8 मिलिमीटर अंतराचे 32 पाय असलेला मायक्रोकंट्रोलर घ्या. इथं एकेक पाय जोडत बसायचं नसतं. समोरासमोरचे दोन कोपरे टाचून चारही बाजू भिंगातून बघायच्या, रांगेवर भरपूर फ्लक्स लावायचा, बिटावर थोडंसं सोल्डर घेऊन सावकाश ओढत न्यायचं. दोन पाय चिकटले तर घाबरू नका. तांब्याच्या विकला (बारीक तारांच्या विणलेल्या पट्टीला) फ्लक्स लावून वरून तापवलं की जास्तीचं सोल्डर ते शोषून घेतं. हे पहिल्यांदा जमतं तेव्हा मुलांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो, त्यासाठी मी रविवार मोकळा ठेवतो.

धूर शिशाचा नसतो, राळेचा असतो, पण तोही दम्याला वाईट. कॉम्प्युटरचा जुना पंखा धूर खिडकीकडं ओढेल असा लावा. शिसं हातावाटे पोटात जातं, म्हणून भडंग मध्ये ठेवलेलं असलं तरी साबणानं हात धुतल्याशिवाय कोणी घ्यायचं नाही, हा आमच्याकडं नियमच आहे.

नोकरीचं बरेच जण विचारतात. आयटीआयचा इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स असेल तर त्याच्या जोडीला हा हात फार उपयोगी पडतो. सीएनसी मशीनचा ड्राइव्ह (मोटर चालवणारा भाग) बंद पडला की काम थांबतं, आणि आख्खा बोर्ड न बदलता त्यातला जळलेला भाग शोधून बदलणारा माणूस मालकांना हवाच असतो. मुलाखतीला जाताना प्रमाणपत्रासोबत स्वतः जोडलेला एक बोर्ड घेऊन जा. फ्लक्स धुतलेला, जोड सारखे आलेले, आणि वीज देण्याआधी पुरवठा व ग्राउंड यांच्यामध्ये शॉर्ट नाही हे मल्टिमीटरनं तपासलेला. समोरचा भिंग मागून घेतो आणि पहिले प्रश्न त्या बोर्डावरच विचारतो.