पंपाचा वायरलेस रिमोट घरी बनवताना रेंज कशी वाढवावी

नागपूर जिल्ह्यातल्या काटोल-नरखेडच्या पट्ट्यात संत्र्याची बाग आणि विहीर घरापासून बरीच आत असते, आणि शेतीची लाइन पुष्कळदा रात्री येते. पंप घरूनच चालू-बंद करता आला तर अंधारातली चक्कर वाचते. ४३३ मेगाहर्ट्झच्या स्वस्त ट्रान्समीटर-रिसीव्हर जोडीचा रिमोट मात्र अंगणापुरताच चालतो. मग पहिला उपाय सुचतो तो पॉवर वाढवण्याचा, आणि तिथेच पैसे वाया जातात.

जमिनीलगत सिग्नलचा हिशोब कठोर आहे. अंतर दुप्पट झाले की पोचणारा सिग्नल साधारण १६ पट घटतो. म्हणजे नुसत्या पॉवरवर रेंज दुप्पट करायची तर १६ पट पॉवर लागेल. उलट विहिरीवरची अँटेना १ मीटरवरून ४ मीटरवर नेली तर तोच १६ पटींचा फायदा एका पाइपात मिळतो. म्हणून खर्च आणि मेहनत आधी अँटेनावर करा, मग रिसीव्हरवर. पॉवरचा नंबर शेवटचा.

कोणते मॉड्यूल घ्यावे

लोरा (कमी पॉवरवर छोटे संदेश दूरवर नेणारी रेडिओ पद्धत) पद्धतीचे एसएक्स१२७६ चिपचे मॉड्यूल घ्या: आरए-०१एच किंवा आरएफएम९५डब्ल्यूचा ८६८ मेगाहर्ट्झचा प्रकार. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा १ वॉट ट्रान्समीटर पॉवरपर्यंत आणि २०० किलोहर्ट्झ रुंदीपर्यंत विनापरवाना वापरता येतो. आपले मॉड्यूल फार तर ०.१ वॉट सोडते. दुकानात आरए-०२ स्वस्तात पुढे करतात, ते घेऊ नका. ते ४३३ साठी बांधलेले असते, आणि प्रोग्राममध्ये ८६६ लिहिल्याने त्याच्या आतले फिल्टर बदलत नाहीत.

दोन्ही बाजूंना आर्डुइनो प्रो मिनी हा छोटा प्रोग्राम करता येणारा बोर्ड लागेल, तोही ३.३ व्होल्ट, ८ मेगाहर्ट्झचाच. ५ व्होल्टचा उनो किंवा नॅनो थेट जोडला तर मॉड्यूल जळू शकते. रिमोटसाठी एक १८६५० सेल, एचटी७३३३ रेग्युलेटर, ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, दोन पुश बटणे, हिरवा-लाल एलईडी. विहिरीसाठी ५ व्होल्टचा पॉवर सप्लाय, दुसरा एचटी७३३३ आणि कपॅसिटर, ५ व्होल्टचा रिले, बीसी५४७, १एन४००७ डायोड आणि पाणी न शिरणारा पांढरा किंवा करडा डबा. सुटे भाग नागपुरात बर्डीवर मिळतील, मॉड्यूल बहुधा ऑनलाइनच मागवावे लागेल. रेग्युलेटर म्हणून एएमएस१११७ घेऊ नका. त्याला स्वतःलाच सुमारे १ व्होल्ट लागतो, त्यामुळे सेल ४ व्होल्टवर आला की ३.३ टिकत नाही.

अँटेना

८६६ मेगाहर्ट्झची तरंगलांबी ३४६ मिलिमीटर. तिचा पाव भाग ८६.५, आणि तार थोडी आखूड ठेवावी लागते म्हणून ८२ मिलिमीटर. मोटार वायंडिंगच्या दुकानातून १६ नंबरची तांब्याची तार फूटभर जास्तच घ्या. वरचा इनॅमलचा थर ब्लेडने पूर्ण खरवडा, नाहीतर सोल्डरचा टाका वरून चकचकीत दिसतो आणि आत जोड लागलेलाच नसतो.

चार भोकांच्या चौकोनी एसएमए सॉकेटच्या (अँटेना जोडण्याचे आट्यांचे सॉकेट) मधल्या पिनेवर ८२ मिलिमीटरची सरळ तार उभी सोल्डर करा. चार कोपऱ्यांच्या भोकांत ९० मिलिमीटरच्या चार तारा सोल्डर करून त्या ४५ अंशांत खाली वाकवा. माप टाक्यापासून टोकापर्यंत घ्यायचे. या चार तारा शोभेच्या नाहीत. त्या वगळल्या तर अर्धी अँटेना गायब होते. रिमोटवर ८६८ ची रबरी अँटेना चालेल.

आता महत्त्वाचे: अँटेना खांबावर आणि रिसीव्हर खाली, मधे केबल, असे करू नका. आरजी-५८ केबलमध्ये या फ्रिक्वेन्सीला ५ मीटरमागे जवळपास निम्मा सिग्नल मरतो, बारीक आरजी-१७४ मध्ये त्याहून जास्त. मॉड्यूल आणि प्रो मिनी अँटेनासकट खांबाच्या टोकाशी डब्यात ठेवा आणि खाली फक्त तीन तारा आणा: ५ व्होल्ट, ग्राउंड, रिलेचा इशारा. रेग्युलेटर आणि कपॅसिटरही वरच, मॉड्यूलला खेटून. अँटेना लोखंडी पाइपाच्या टोकाच्या वर यावी, पाइपाला समांतर नाही. खांबाला अर्थिंग द्या आणि तो महावितरणच्या तारांपासून इतका दूर उभारा की पडला तरी त्यांना लागणार नाही.

जोडणी आणि प्रोग्राम

मॉड्यूलचा एनएसएस प्रो मिनीच्या १० वर, मोसी ११, मिसो १२, एससीके १३, रीसेट ९, डीआयओ० पिन २ वर. मॉड्यूलला ३.३ व्होल्ट एचटी७३३३ मधून द्या, प्रो मिनीवरच्या रेग्युलेटरमधून नको. सिग्नल सोडताना मॉड्यूल १०० मिलिअँपच्या आसपास ओढते आणि नकली बोर्डांवरचा रेग्युलेटर तिथे मान टाकतो. अँटेना लावल्याशिवाय एकदाही ट्रान्समिट करू नका.

फ्रिक्वेन्सी ८६६ मेगाहर्ट्झ, बँडविड्थ १२५ किलोहर्ट्झ, स्प्रेडिंग फॅक्टर (तो जितका मोठा तितका संदेश हळू पण दूर जातो) ९, पॉवर १७ डीबीएम, म्हणजे सुमारे ०.०५ वॉट. युरोपातल्या नमुना प्रोग्राममध्ये ८६८ आणि अमेरिकेतल्यांत ९१५ असते, ते बदलायला विसरू नका. संदेश १० बाइटचा पुरे: १ पत्ता, १ आज्ञा, ४ बाइटचा वाढता क्रमांक, ४ बाइटची गुप्त किल्लीने काढलेली खूण. रिसीव्हरने आधीच्या क्रमांकाहून मोठा क्रमांक आणि बरोबर खूण असेल तरच आज्ञा मानावी. नाहीतर कुणी जुना संदेश पकडून पुन्हा सोडला तरी पंप सुरू होईल. क्रमांक दोन्हीकडे ईईप्रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीत, जपा.

हा संदेश हवेत सुमारे ०.१५ सेकंद राहतो. फॅक्टर १२ केला तर तोच जवळपास १ सेकंद घेतो, म्हणून आधी ९ वरच प्रयत्न करा. रिसीव्हरने रिले लावल्यावर पोच पाठवावी. पोच आली तर हिरवा दिवा, दीड सेकंदात आली नाही तर लाल. विहिरीवरचा डबा पंपाच्याच लाइनवर असेल तर लालचा अर्थ लाइन नाही असाही होतो. रिले आपोआप सुटण्याची वेळही प्रोग्राममध्ये ठेवा, विहिरीच्या उपशाप्रमाणे.

पंपाशी जोड

बाजारातले तयार ५ व्होल्ट रिले बोर्ड ३.३ व्होल्टच्या इशाऱ्यावर पुष्कळदा सुटतच नाहीत. म्हणून सुटा रिले बीसी५४७ ने चालवा: बेसला १ किलोओहम, बेस ते ग्राउंड १० किलोओहम, रिलेच्या कॉइलवर डायोड उलटा. या रिलेने पंप चालवायचा नाही, फक्त २३० व्होल्ट कॉइलचा छोटा कॉन्टॅक्टर (कॉइलने ओढला जाणारा दणकट स्विच) ओढायचा. थ्री-फेज स्टार्टरची कॉइल पुष्कळदा ४१५ व्होल्टची असते आणि छोटा रिले त्यासाठी नसतोच. कॉन्टॅक्टर स्टार्टरमध्ये कुठे बसवायचा ते परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. ओव्हरलोड आणि सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटार बंद करणारा) सर्किटमधून वगळू नका. विहिरीवर न्यूट्रल नसेल तर ४१५/२३० चा कंट्रोल ट्रान्सफॉर्मर लावा. अर्थिंगची तार न्यूट्रल म्हणून वापरणे जिवावर बेतते.

कॉन्टॅक्टर सुटताना रिसीव्हर अडकत असेल तर कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड एक्स२ कपॅसिटर एकापाठोपाठ जोडून लावा.

चाचणी

रिसीव्हरला मिळालेला एसएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती, तो आकडा) पोचेबरोबर परत मागवा आणि रिमोट लॅपटॉपला जोडून वाचा. फॅक्टर ९ मध्ये उणे १२.५ डीबीपर्यंत संदेश निघतो. घराजवळच्या जागी उणे २ किंवा त्याहून चांगला आकडा हवा, म्हणजे दहा डीबी हाताशी राहतात. कमी पडला तर आधी रिमोट उभा धरला आहे का ते पाहा. आडवा धरला, किंवा अँटेनाचे टोक विहिरीकडे रोखले, की सिग्नल पडतो. मग खांब वाढवा. त्यानंतरच फॅक्टर १० करा, दोन्हीकडे एकदमच.

बँडविड्थ कमी करूनही रेंज वाढते, पण नागपूरच्या हवेत ती खोड टाळा. मॉड्यूलच्या क्रिस्टलमध्ये दहा लाखांत १० भागांचा फरक पडला तरी ८६६ वर तो ८.७ किलोहर्ट्झ होतो. १२५ ची बँडविड्थ ३० किलोहर्ट्झपर्यंतचा फरक सहज झेलते, ३१ ची मात्र ७-८ वरच संपते. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, उन्हातला डबा त्याहून तापलेला आणि रिमोट कूलरसमोर: डिसेंबरात चाललेला संच तेव्हा मुका होतो. डब्यावर पत्र्याची सावली करा, पण पत्रा अँटेनाच्या खालीच राहील असा.

मृग बहारासाठी बाग ताणावर (पाणी तोडलेली) असताना घेतलेली चाचणी पुरेशी नाही. तेव्हा पाने गळालेली आणि मलूल असतात. पावसानंतर नवी पालवी फुटते आणि ओली पाने सिग्नल शोषतात. ऑगस्टमध्ये, पाऊस थांबल्या थांबल्या, पुन्हा आकडा घ्या. एका पावसात तो एकदम कोसळला आणि कोरडे झाल्यावरही सुधारला नाही, तर दोष पानांचा नाही: एसएमएच्या जोडात पाणी शिरले आहे. जोड उघडून वाळवा, हिरवट गंज दिसला तर सॉकेट बदला आणि वरून सेल्फ-फ्यूजिंग रबर टेप ताणून गुंडाळा.