फुगवट्यापलीकडच्या आजी-आजोबांसाठी पावसाआधीची तयारी

पानशेत, वरसगाव, भाटघर या धरणांच्या फुगवट्यामागच्या कित्येक वाड्या पावसाळ्यात बेटासारख्या तुटतात. लाँच, नाहीतर डोंगराला मोठा वळसा. मागे राहतात ती बहुतेक म्हातारी माणसं. पोरं पुण्यात कामाला. अशा ठिकाणी घरोघर स्मार्टफोन वाटायचा उत्साह आवरा. डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलायला आणि पेन्शनचा हयातीचा दाखला काढायला पायऱ्या नसलेली एक खोली, एक बरा अँड्रॉइड फोन आणि ठरल्या वारी तो चालवणारं गावातलंच कोणी, एवढं मे महिन्यात उभं करा. शिकलेली सून चालेल. आशाताईंवर आधीच रजिस्टरांचा ढीग आहे.

खोली ठरवण्याआधी रेंज मोजा. फोनच्या सेटिंगमध्ये ‘सिम स्टेटस’ उघडलं की सिग्नलचा आकडा दिसतो. फोर-जीवर उणे १०० च्या आसपास असेल तर काम भागतं. उणे ११५ च्या खाली गेला तर व्हिडिओ विसरा. दोन-तीन कंपन्यांची सिमं घेऊन वाडीभर फिरा. रेंज काठावरची असेल तर बाहेरचा अँटेना जोडता येणारा सिमचा राउटर घ्या, अँटेना टॉवरकडे वळवा, केबल आखूड ठेवा. बाजारातला ‘बूस्टर’ मात्र नको: विनापरवाना तो बेकायदा आहे, शिवाय आसपासच्यांचंही नेटवर्क बिघडवतो. वीज गेल्यावर राउटर चालू राहावा म्हणून मिनी यूपीएस लावा. राउटर ९ व्होल्टचा की १२ चा, हे अडॅप्टरवर वाचूनच. चुकलं तर राउटर जळतो. सोलरवर भिस्त नको, जुलैत मावळात ऊन कुठलं!

हयातीचा दाखला हे सगळ्यात लवकर फळ देणारं काम. आयुष्यभर भातलावणी केलेल्यांच्या बोटांचे ठसे मशीनवर उमटत नाहीत, म्हणून चेहऱ्याने ओळख पटवा. फोनमध्ये ‘आधार फेस आरडी’ आणि ‘जीवन प्रमाण’ ही दोन्ही ॲप हवीत. आधी चालवणाऱ्याची ओळख एकदा पटवायची, मग त्याच फोनवर एकेका पेन्शनरची. आधार, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) नंबर आणि बँकेचं पासबुक समोर ठेवा. आजोबांना खिडकीकडे तोंड करून बसवा, पाठीमागे साधी भिंत, चष्मा काढलेला. ॲप सांगेल तेव्हा पापणी मिटायची. उजेड पाठीमागून आला की हमखास फसतं. ओटीपी बहुधा हिंजवडीतल्या मुलाच्या फोनवर जातो, तेव्हा त्याला आधीच फोन करून ठेवा. दाखला निघाला म्हणून निर्धास्त होऊ नका: पीपीओ किंवा खातं चुकलं तर पेन्शन देणारं कार्यालय तो नंतर नाकारतं. केंद्राच्या पेन्शनरांपैकी ऐंशी ओलांडलेल्यांना १ ऑक्टोबरपासून, बाकीच्यांना १ नोव्हेंबरपासून दाखला देता येतो.

डॉक्टरांसाठी ‘ई-संजीवनी’, म्हणजे व्हिडिओवरून सल्ला देणारी सरकारी सेवा. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत कॉल लावला तर उत्तम, नाहीतर ॲपवरून थेट. कॉलआधी बीपी मोजा: पाच मिनिटं गप्प बसवायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीला, मिनिटभराने पुन्हा. बऱ्याच मशिनींचा पट्टा २२ ते ३२ सेंटीमीटर घेराच्या दंडाचा असतो. दंड जाड असेल तर आकडा खोटाच चढतो, आणि आजी विनाकारण घाबरते. चालू गोळ्यांची पाकिटं समोर मांडा, ‘ती पांढरी गोळी’ डॉक्टरांच्या कामाची नाही.

पण चिठ्ठी स्क्रीनवर आली तरी गोळ्या लाँचनेच यायच्या. बीपी-शुगरच्या गोळ्या जूनआधी दोन महिन्यांच्या भरून ठेवा. इन्सुलिन असेल तर ते कुणाच्या फ्रिजमध्ये राहील आणि वीज गेली तर काय, हेही ठरवा.

छातीत दुखणं, एका बाजूची ताकद जाणं, बोबडी वळणं: इथे व्हिडिओ नकोच. १०८ ला फोन, आणि त्याच वेळी लाँचवाल्याला. गाडी कोणत्या धक्क्यावर येणार हे आधीच ठरलेलं हवं. हे दोन्ही नंबर, सोबत ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७, साध्या बटणांच्या फोनमध्ये स्पीड डायलवर टाका आणि दाराच्या आत ठळक अक्षरांत रंगवा.