नावावर समन्स आलं? या चुका टाळा

"सरकारी वकील बघतील ना!" नावावर समन्स आलेल्या सरकारी अधिकाऱ्यांकडून आमच्या विधी शाखेच्या टेबलावर हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता चिडही येत नाही.

सरकारी वकील आपोआप उभे राहत नाहीत. दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908, आदेश 27, नियम 8 वाचा. शासनाने तुमचा बचाव करायचं ठरवून वकिलांना अधिकार द्यायचा, वकिलांनी तसा अर्ज कोर्टात द्यायचा, तेव्हा कुठे ते तुमच्यासाठी बोलणार. अर्ज गेला नाही तर दावा दोन खासगी माणसांमधला असल्यासारखा चालतो.

एका मंडळ अधिकाऱ्यांनी वारसाचा फेरफार मंजूर केला. चिडलेल्या भावाने शासनासोबत त्यांनाही नावानिशी प्रतिवादी केलं, नुकसानभरपाई मागितली. साहेबांनी समन्सच्या कोपऱ्यात 'विधी शाखा' एवढं खरडलं, कागद आवकमध्ये टाकला आणि पंचनाम्याला निघून गेले. तो आमच्याकडे आला तेव्हा तारीख होऊन गेली होती. कोर्टाच्या रोजनाम्यात शासनातर्फे हजेरी, साहेबांपुढे मात्र 'गैरहजर, एकतर्फी चालवावे'. मग पदरचा वकील, हुकूम रद्द करायचा अर्ज, वर कोर्टाने लावलेला खर्च.

माझी सवय सांगतो. समन्सची झेरॉक्स आपल्या बॅगेत, तारीख आपल्या डायरीत. बचावासाठी वरिष्ठांकडे लेखी विनंती, तिच्या स्थळप्रतीवर पोच. शासनाला विचारायला वेळ हवा असेल तर नियम 7 खाली मुदत मागता येते. पण मागायला कोर्टात कुणीतरी हवं!

दाव्यातल्या प्रत्येक परिच्छेदावर वकिलांना जो परिच्छेदनिहाय अभिप्राय द्यायचा, त्यात नुसतं 'अमान्य' लिहू नका. जुन्या दाव्यातला मजकूर चिकटवणाऱ्या नव्या भरतीला तर हात जोडतो. दाव्यात गट नंबर एक, अभिप्रायात भलताच. नोंदीची तारीख, नोटिसा कुणाला बजावल्या, हरकत आली का, हे तुम्हालाच माहीत असतं. वकिलांनी कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, कशावर लिहायची?

दावा लावण्याआधी येणारी कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस रद्दीत टाकू नका. ते दोन महिने तयारीला वापरा.

अर्धन्यायिक काम, म्हणजे दोन्ही बाजू ऐकून निर्णय देण्याचं काम असेल, तर सद्भावनेने दिलेल्या निर्णयाला दाव्यापासून संरक्षण देणारा 1850 चा न्यायिक अधिकारी संरक्षण कायदा कैफियतीत घ्यायला सांगा. जुना आहे, पण चालतो.

फौजदारीत 'खटल्याला शासनाची मंजुरी लागते, तिच्याशिवाय काही होत नाही' म्हणून निवांत बसू नका. हे संरक्षण मिळायला कृत्याचा कर्तव्याशी वाजवी संबंध लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1955 मध्येच मताजोग डोबे प्रकरणात सांगितलंय. शिवाय आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 218 खाली शासनाने 120 दिवसांत निर्णय दिला नाही, तर मंजुरी मिळाली असं धरलं जातं.

आणि वादीला फोन करून 'मिटवून टाकू' म्हणू नका. पलीकडे रेकॉर्डिंग चालू असतं.